संगणकाची झोप आणि वेळेवरची जाग

माझ्या वडिलांचे वय आज 82 वर्षांचे आहे. तरुणपणी बेळगाव-खानापूर भागातील हौशी नाट्यमंडळींत त्यांनी पुष्कळ वर्षे पेटीची साथ केली. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका मराठी वाहिनीवर रात्री साडेअकरा वाजता नाट्यसंगीताचे एक जुने चित्रण दाखविण्यात येणार होते. त्यात गाणारे गृहस्थ वडिलांचे त्या काळातील सोबती. ते आता हयात नाहीत. वडील रात्री नऊ वाजताच निजतात. म्हणून हा कार्यक्रम संगणकावर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी त्यांना दाखवावा, असे मी ठरविले. कार्यक्रमाची वेळ संगणकात नोंदविली, संगणकाला झोप दिली आणि निजावयास जाण्यापूर्वी, वर्षानुवर्षांच्या सवयीने, भिंतीवरील विजेचे बटण बंद केले. वर्गातून बाहेर पडताना दिवे-पंखे बंद करा, असे मुलांना रोज बजावणाऱ्या शिक्षकाचा हात तो! सकाळी पाहतो तो मुद्रणाची यादी रिकामी. वडील एवढेच म्हणाले, "असू दे रे, पुन्हा लावतील." तो कार्यक्रम अद्याप पुन्हा लागलेला नाही.

त्यानंतर या विषयाच्या मुळाशी जाण्याचा मी प्रयत्न केला. त्यातून जे उमगले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे. त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल. निजलेला संगणक म्हणजे बंद संगणक नव्हे. त्याच्या पोटात कोणीतरी पहाऱ्यावर जागे असते, आणि त्या पहारेकऱ्याची व्यवस्था आपण मोडली नाही तरच तो वेळेवर हाक मारतो.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. प्रक्षेपणाची वेळ एक आणि पाहण्याची वेळ दुसरी, ही सोय सामान्य कुटुंबांना मिळाली ती व्हिडिओ कॅसेटमुळे. सोनी कंपनीचे बेटामॅक्स यंत्र 1975 साली आले आणि जेव्हीसी कंपनीचे व्हीएचएस 1976 साली. घरच्या घरी कार्यक्रम मुद्रित करून मागाहून पाहणे कायदेशीर आहे की नाही, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1984 साली त्या न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा मतांनी, ते करण्यास हरकत नाही असा निर्णय दिला. त्या यंत्रांतही घड्याळ असेच. आणि वीज जाऊन आली की ते बारावर येऊन लुकलुकत राही, हे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. लुकलुकणाऱ्या घड्याळाने ठरल्या वेळी मुद्रण होत नसे. आजचा प्रश्न त्याच जातीचा आहे. केवळ घड्याळ अधिक खोल जाऊन बसले आहे.

1999 साली अमेरिकेत टिव्हो नावाचे, कॅसेटऐवजी हार्ड डिस्कवर मुद्रण करणारे यंत्र विक्रीस आले. 2002 साली मायक्रोसॉफ्टने विंडोजची मीडिया सेंटर आवृत्ती काढली, आणि त्याच वर्षी लिनक्सवर चालणाऱ्या मिथटीव्ही या मुक्त प्रणालीचा आरंभ झाला. त्यामुळे घरचा संगणकच मुद्रणयंत्र होऊ लागला. 2015 साली विंडोज 10 आले तेव्हा मीडिया सेंटर वगळण्यात आले. परंतु मिथटीव्ही आणि तिच्यासारख्या इतर प्रणाली आजही वापरात आहेत. आपल्याकडे दूरदर्शनच्या फ्री डिशवरील ज्या वाहिन्या खुल्या स्वरूपात येतात, त्या संगणकात योग्य ते ट्यूनर कार्ड बसवून घेता येतात. मासिक वर्गणीच्या डीटीएच सेवांच्या वाहिन्या मात्र कुलूपबंद असतात. त्यांच्यासाठी त्या सेवेचाच खोका लागतो. मीही असेच एक कार्ड बसवून घेतले आहे.

आता कोणी विचारील, संगणक अहोरात्र चालू ठेवला तर बिघडले कोठे? याचे उत्तर अंकगणितात आहे. समजा, जागा संगणक 50 वॅट वीज घेतो आणि निजलेला 2 वॅट घेतो. चोवीस तास जागा ठेवल्यास दिवसाला 1.2 युनिट, म्हणजे तीस दिवसांत 36 युनिट खर्च होतात. तोच संगणक दिवसातून दोन तास मुद्रणापुरता जागा राहिला आणि उरलेले बावीस तास निजला, तर दिवसाचा खर्च 0.144 युनिट, आणि महिन्याचा साडेचार युनिटांच्या आतच. दरमहा सुमारे 32 युनिटांची बचत झाली; शिवाय पंख्याचा आवाज नाही, उष्णता नाही आणि यंत्राची झीजही कमी. तेव्हा संगणकाला निजविणे हेच शहाणपणाचे. मात्र निजविण्याची रीत ठाऊक असली पाहिजे.

संगणकाच्या झोपेचे नियम 1996 साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून प्रसिद्ध केले. त्यांना संक्षेपाने एसीपीआय म्हणतात. त्यात झोपेच्या पायऱ्यांना क्रमांक दिलेले आहेत. आपल्याला त्यातील तीनच ओळखून ठेवावयाच्या आहेत.

पहिली साधी निद्रा, म्हणजे एस-3. या अवस्थेत प्रोसेसर, पंखा, हार्ड डिस्क व पडदा ही सर्व थांबतात. फक्त स्मृती, म्हणजे रॅम, जागी असते. ही स्मृती मोठी विसराळू असते. तिच्यातील प्रत्येक कण विद्युत्भाराचा एक सूक्ष्म थेंब धरून ठेवतो, आणि तो थेंब सतत गळत असतो. म्हणून साधारणतः दर 64 मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. त्यापुरती वीज मिळत राहिली की संगणक काही सेकंदांत होता तेथून पुढे काम सुरू करतो. वीज तुटली की सारे पुसले जाते.

दुसरी शीतनिद्रा, म्हणजे एस-4. इंग्रजीत हिला हायबरनेट म्हणतात. येथे निजण्यापूर्वी स्मृतीतील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून ठेवला जातो. जागे होण्यास थोडा अधिक वेळ लागतो. परंतु मध्ये वीज गेली तरी मजकूर सुरक्षित राहतो. या दोहोंचा संगम करणारी हायब्रिड झोपही विंडोज व्हिस्टापासून मिळू लागली. तीत मजकूर स्मृतीतही राहतो आणि डिस्कवरही. आपल्या गावांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी मेजावरच्या संगणकाला शीतनिद्रा किंवा हायब्रिड झोप अधिक सोयीची.

तिसरी अवस्था पूर्ण बंदची, म्हणजे एस-5. आपण शट डाउन म्हणतो ती. विंडोजमध्ये नोंदविलेली जागे करण्याची वेळ या अवस्थेत उपयोगी पडत नाही. म्हणून मुद्रण ठरलेले असेल त्या रात्री ‘शट डाउन’ न निवडता ‘स्लीप’ किंवा ‘हायबरनेट’ निवडावे. मिथटीव्हीसारख्या प्रणालींची रीत जरा निराळी आहे. त्या पुढील मुद्रणाची वेळ थेट मदरबोर्डावरील घड्याळात लिहून मग संगणक बंद करू शकतात. आणि मदरबोर्डाने ही सोय दिलेली असेल, तर तो पूर्ण बंद अवस्थेतूनही उठतो.

आता त्या पहारेकऱ्याची ओळख करून घेऊ. प्रत्येक संगणकाच्या मदरबोर्डावर एक छोटे घड्याळ असते. आयबीएमच्या 1984 सालच्या पीसी-एटी संगणकात हे काम मोटोरोला कंपनीच्या एका चिपकडे दिलेले होते, आणि त्या चिपेत गजराची सोय तेव्हापासूनच होती. मात्र तो गजर तास, मिनिट व सेकंद एवढेच जाणत असे. दिनांक नेमण्याची सोय मागाहून आली. घड्याळाचे स्पंदन स्फटिकाच्या एका तुकड्यातून येते. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. ही संख्या विचित्र वाटेल, परंतु ती मुद्दाम निवडलेली आहे. तिचे ओळीने पंधरा वेळा अर्धे करा. बरोबर एक उरतो, आणि तोच एक सेकंद. माझ्या वर्गातील मुलांनी हे गणित फळ्यावर करून पाहिले तेव्हा त्यांना मोठी मौज वाटली.

हे घड्याळ एका नाण्याएवढ्या, तीन व्होल्टच्या सेलवर चालते. संगणकाचा प्लग काढून ठेवला तरी ते वर्षानुवर्षे वेळ मोजीत राहते. माझी चूक नेमकी येथे झाली. मी समजत होतो की घड्याळाला स्वतःचा सेल आहे, म्हणजे गजरही आपोआप होणार. घड्याळ चालूच होते, आणि रात्री ठरल्या वेळी त्याने आपले काम केलेही असेल. परंतु सेलची शक्ती केवळ वेळ मोजण्यापुरती असते. संगणकाला उठविण्यासाठी ती पुरत नाही. त्यासाठी वीजपुरवठा करणाऱ्या पेटीतून पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह सतत चालू असावा लागतो. 1995 सालच्या एटीएक्स रचनेपासून ही सोय मेजावरच्या संगणकांत आली. भिंतीवरचे बटण बंद केले की तो प्रवाह तुटतो. पहारेकरी जागा राहतो, पण त्याची हाक ऐकावयास कोणीच उरत नाही.

यावरून दुसराही एक बोध घ्यावा. डीटीएचचे जे खोके मुद्रण करतात, त्यांनाही हाच नियम लागू आहे. रिमोटने खोका स्तब्ध ठेवणे निराळे आणि भिंतीवरून बंद करणे निराळे. रात्रीचे मुद्रण हवे असेल तर भिंतीवरचे बटण चालूच ठेवले पाहिजे.

तथापि वीज चालू ठेवली म्हणजे सर्व काही साधले असे नाही. हाक मारण्यास परवानगीही लागते. विंडोजच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये, झोपेच्या सदराखाली, ‘अलाव वेक टायमर्स’ अशी एक नोंद असते. ती ‘डिसेबल’वर असेल तर मुद्रणाच्या प्रणालीने कितीही वेळा गजर लावला तरी संगणक उठणार नाही. विंडोज 10 पासून तेथे ‘इम्पॉर्टन्ट वेक टायमर्स ओन्ली’ असाही एक पर्याय दिसतो. शब्दांवरून आपल्याला वाटते की आपले मुद्रण महत्त्वाचेच आहे! परंतु येथे महत्त्वाचे म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कामांचे. आपल्यासाठी ‘एनेबल’ हाच पर्याय योग्य. लॅपटॉपवर ही नोंद दोन ठिकाणी असते, एक बॅटरीवर चालताना आणि दुसरी विजेवर चालताना; तेव्हा दोन्ही तपासाव्यात.

घड्याळाच्या बाबतीत आपल्या देशात एक खास घोटाळा संभवतो. विंडोज मदरबोर्डाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स सामान्यतः जागतिक प्रमाणवेळ ठेवते. या दोहोंत आपल्याकडे साडेपाच तासांचे अंतर पडते. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली नांदत असतील आणि त्यांचे एकमत नसेल, तर रात्री साडेअकराचा गजर सायंकाळी सहा वाजता होईल, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता. चूक नेमकी साडेपाच तासांची दिसली तर कारण शोधीत दूर जाऊ नये. ते येथेच सापडेल.

संगणक उठला, तरी मुद्रण लगेच सुरू होतेच असे नाही. ट्यूनर कार्डाला विशेषतः यूएसबीने जोडलेल्या ट्यूनरला, झोपेत वीज मिळालेली नसते. त्याला सावध होऊन वाहिनी पकडण्यास काही क्षण लागतात. गाढ झोपेतून उठलेल्या मुलाला लगेच पाढे म्हणावयास सांगितले तर तोही अडखळतोच. म्हणून संगणक कार्यक्रमाच्या दोन ते पाच मिनिटे अगोदर उठेल अशी योजना करावी. मिथटीव्हीत ही आघाडी किती सेकंदांची असावी हे ठरविता येते. शेवटीही दहाएक मिनिटे अधिक मुद्रण ठेवावे; कारण प्रक्षेपण थोडे लांबले तर नेमकी अखेरची भैरवीच कापली जाते.

यापुढील संकट विपरीत आहे. संगणक उठतो, मुद्रण सुरू होते. परंतु कोणी कळफलकाला हात लावीत नाही, म्हणून कोणी नाही असे समजून तो पुन्हा निजतो. विंडोजमध्ये तर असा नियमच आहे की गजराने उठलेला आणि माणसाचा स्पर्श न झालेला संगणक, सामान्यतः दोन मिनिटांनी परत निजावा. नियम वाईट नाही. त्यामुळेच मुद्रण संपल्यावर तो आपण होऊन झोपी जातो. मात्र मुद्रण चालू असेपर्यंत, "मी कामात आहे, निजू नकोस" असे प्रणालीने सतत कळवीत राहिले पाहिजे. चांगल्या प्रणाली हे करतात. परंतु माणसाने स्वतः स्लीपचे बटण दाबले किंवा लॅपटॉपचे झाकण मिटले, तर त्या विनंतीचा उपयोग होत नाही. झाकण मिटल्यावर काय करावे हेही ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ठरविता येते, मुद्रणासाठी लॅपटॉप वापरणाऱ्यांनी तेथे ‘डू नथिंग’ निवडून ठेवावे. मात्र मग झोप देताना झाकणावर विसंबून न राहता, ती पडद्यावरून द्यावी.

कधी याच्या उलट तक्रार ऐकू येते. मुद्रण नसतानाही संगणक मध्यरात्री उठून बसतो. त्याची चौकशी करण्यास विंडोजमध्ये ‘पॉवरसीएफजी’ नावाची एक आज्ञा आहे. तिला ‘लास्टवेक’ हे पद जोडले की शेवटची जाग कोणामुळे आली हे कळते. ‘वेकटायमर्स’ जोडले की पुढचे गजर कोणी लावून ठेवले आहेत ते दिसते. आणि ‘रिक्वेस्ट्स’ जोडले की या घटकेला त्याला कोण जागे ठेवीत आहे त्याची यादी मिळते. बहुधा दोषी निघतात ते माऊस, नेटवर्क कार्ड किंवा रात्री ठरलेले देखभालीचे काम. ज्याला उठविण्याचा अधिकार देण्याचे कारण नाही त्याचा तो अधिकार काढून घ्यावा. परंतु रागाच्या भरात सर्वच गजर बंद करू नयेत, नाहीतर आपले मुद्रणही त्यात बुडते.

अलीकडील अनेक लॅपटॉपांत साधी निद्रा, म्हणजे एस-3, ठेवलेलीच नसते. तिच्या जागी मॉडर्न स्टँडबाय नावाची, मोबाईल फोनसारखी अर्धवट जागी अवस्था असते. आपल्या संगणकात कोणत्या प्रकारची झोप आहे हे ‘पॉवरसीएफजी’लाच ‘ए’ हे अक्षर जोडून विचारता येते. मुद्रणासाठी जुना, मेजावरचा संगणक राखून ठेवणारे लोक हट्टी नसतात, हे यावरून ध्यानात येईल.

श्रोतेहो, इतक्या साऱ्या गोष्टी लक्षात कशा ठेवाव्यात, असे आपणांस वाटेल. माझा उपाय शिक्षकाचा आहे. परीक्षेपूर्वी सराव परीक्षा घ्यावी. ज्या दिवशी महत्त्वाचा कार्यक्रम असेल त्याच्या आदल्या दिवशी कोणत्याही वाहिनीवरचे पाच मिनिटांचे मुद्रण, अर्ध्या तासानंतरचे, नोंदवावे. संगणकाला नेहमीप्रमाणे झोप द्यावी आणि त्याला मुळीच हात न लावता दूर बसावे. तो आपण होऊन उठला, पाच मिनिटे मुद्रण केले आणि पुन्हा निजला, तर घड्याळ, वीज, परवानगी, ट्यूनर आणि परतीची झोप ही पाचही कामे व्यवस्थित आहेत. यातील जे चुकले ते त्या दिवशी दुरुस्त करण्यास वेळ असतो. कार्यक्रम निघून गेल्यावर तो नसतो.

आमच्या घरी आता त्या भिंतीवरच्या बटणावर कागदाची एक चिठ्ठी चिकटविली आहे. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे, "हे बटण बंद करू नये." वाहिनीच्या कार्यक्रमांची यादी मी दर रविवारी वाचतो. वडिलांनी विचारणे सोडून दिले आहे. पण मी यादी उघडली की ते चष्मा पुसून जवळ येऊन बसतात. तो कार्यक्रम पुन्हा लागेल तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजलेले असोत की पहाटेचे चार, संगणक वेळेवर उठेल, एवढी तजवीज मी करून ठेवली आहे. आपणही आपापल्या घरातील अशा एखाद्या कार्यक्रमासाठी ती करून ठेवावी.